मुंबईचा खंदक आणि उगवत्या सत्ता

ठाण्यात कोर्टनाक्याकडून पुढे गेलं की मध्यवर्ती कारागृहाची ती काळपट दगडी भिंत लागते. भेटीच्या दिवशी तिच्यासमोर पिशव्या घेतलेली माणसं ताटकळत असतात. ही भिंत मुळात तुरुंगाची नव्हे, किल्ल्याची. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि काम पुरं व्हायच्या आतच १७३७ साली तो मराठ्यांनी जिंकला. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांनी मराठ्यांकडून घेतला. अर्धशतकसुद्धा झालं नाही, तेवढ्यात एकाच बुरुजावर तीन झेंडे लागले.

मी राज्यशास्त्र शिकवतो. 'उगवत्या सत्ता' हा भाग आला की मुलांना अथेन्स आणि स्पार्टाकडे न्यायच्या आधी या भिंतीपाशी आणतो. एरवी पुस्तकातली उगवती सत्ता म्हणजे कायम दुसरंच कुणीतरी असतं: जर्मनी, जपान, आता चीन. आपण प्रेक्षकांत बसून बघायचं. पण १७३९ मध्ये मुंबईच्या इंग्रजांना विचारलं असतं, की बाबांनो, तुमच्या दाराशी उगवती आणि धास्ती वाटावी अशी सत्ता कोणती? तर त्यांनी खाडीपलीकडे आपल्याकडे बोट दाखवलं असतं.

पोर्तुगीजांची वसई मे १७३९ मध्ये मराठ्यांपुढे पडली. त्याआधीच सगळी साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं ठाण्याकडचं बेट, मराठ्यांच्या हाती आलेली, म्हणजे माहीमच्या खाडीच्या एका काठाला पेशव्यांची फौज आणि दुसऱ्या काठाला ईस्ट इंडिया कंपनीचं चिमुकलं बेट. इंग्रजांनी काय केलं बघा. वेढा चालू असताना पोर्तुगीजांना थोडा दारूगोळा पुरवला, आणि चर्चची चांदी तारण ठेवून घेऊन थोडं कर्ज दिलं. (तारण घेतलंच. कंपनी ती कंपनी.) दुसरीकडे मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला काढला, त्यासाठी बेटावरच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली. आणि तिसरीकडे कॅप्टन इंचबर्ड वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांकडे तहाचं बोलायला गेला, कॅप्टन गॉर्डन नजराणे घेऊन शाहू महाराजांकडे. जुलैत तह झाला, व्यापाराची सोय झाली. खंदकाचं काम मात्र थांबलं नाही.

कुणी डोळ्यांदेखत मोठं होत असलं तर बाकीचे काय करतात, याचे जे पर्याय आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक सांगतात, ते जवळजवळ सगळे या एका वर्षात येऊन गेले. दुसऱ्याला हाताशी धरून उगवत्याला अडवणं, हा बाह्य सत्तासमतोल. आपलीच भिंत मजबूत करणं, हा अंतर्गत समतोल. गोड बोलून जुळवून घेणं, हा अनुनय. आणि पोर्तुगीजांना दिलेली मदत इतकी जेमतेम होती, की लढायचं त्यांनी आणि वाचायचं आपण, असा हिशोब त्यात दिसतो. अभ्यासकांच्या भाषेत हे 'बक पासिंग'. आपल्या कार्यालयांत याला फाईल पुढच्या टेबलावर सरकवणं म्हणतात.

पण मुळात घाबरायचं कशाला? दुसरा मोठा होतोय तर होऊ दे की.

इथे 'अराजक' हा शब्द येतो. दंगल, जाळपोळ या अर्थाने नाही, तर वर राजा नाही एवढ्याच अर्थाने. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोन वर्षं धुसफुस चालली आहे. नव्याने आलेल्या एका सभासदाने तीन गाड्या आणल्या आणि वार्षिक सभेत तावातावाने नियम वाचून दाखवू लागला. जुनी मंडळी चिडली आहेत, पण रात्री उठून कुणी कुणाचे टायर फोडत नाही. कारण फारच झालं तर वर उपनिबंधक आहे, सहकार न्यायालय आहे, पोलीस ठाणं आहे. देशांच्या वर उपनिबंधक नाही. संयुक्त राष्ट्रं आहेत, पण तिथे बड्या सभासदांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की ठराव बारगळतो.

वर कुणी नाही म्हटल्यावर प्रत्येकाला शेजाऱ्याकडे दोन गोष्टी बघाव्या लागतात: त्याची ताकद किती आणि त्याचा हेतू काय. ताकद थोडीफार मोजता येते. हेतू मोजता येत नाही, आणि आजचा हेतू उद्या टिकेल याची हमी तो स्वतःही देऊ शकत नाही. म्हणून मी खंदक खणतो. माझ्या मते तो बचावासाठी, पण पलीकडून बघणाऱ्याला वाटतं, हा कसली तयारी करतोय? मग तो तोफा आणतो. दोघांनाही भांडण नको असताना भांडण जवळ येतं. याला सुरक्षेचा पेच म्हणतात, आणि वास्तववाद्यांचं, म्हणजे राजकारणात शेवटी ताकदच मोजली जाते असं मानणाऱ्यांचं, अर्धं दुकान या एका पेचावर चालतं.

वास्तववाद्यांतही एकवाक्यता नाही. केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये मांडलं, की एक सत्ता फार मोठी झाली की बाकीच्या आपोआप तिच्याविरुद्ध गोळा होतात. स्टीफन वॉल्ट यांनी १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती केली: देश ताकदीविरुद्ध गोळा होत नाहीत, धोक्याविरुद्ध होतात. धोक्याचे घटक चार. एकूण ताकद, अंतर, हल्ला करण्याची क्षमता, आणि त्याची नियत आपल्याला कशी वाटते ते. दुसऱ्या महायुद्धानंतर जगात सर्वांत बलाढ्य अमेरिका होती, तरी पश्चिम युरोप तिच्याच पंखाखाली गेला. कारण अमेरिका समुद्रापलीकडे होती आणि सोव्हिएत रणगाडे जर्मनीत उभे होते. मला वॉल्ट जास्त पटतात. इंग्रजांना १७३९ साली दिल्लीच्या बादशहाची झोप उडवणारी भीती वाटली नाही, खाडीपलीकडच्या फौजेची वाटली.

याच्या अगदी उलट सुरुवात ए. एफ. के. ऑर्गन्स्की यांची. १९५८ मध्ये ते म्हणाले, की समतोल असला की शांतता असते हेच चूक आहे. जग दहीहंडीच्या मनोऱ्यासारखं आहे: वर एक, त्याखाली मोजके, खाली गर्दी. वरचा स्पष्टपणे वर असतो तोवर कुणी वाटेला जात नाही. धोका सुरू होतो तो दुसऱ्या थरातला एखादा वरच्याच्या उंचीला येऊ लागला की. त्यांच्या पुढच्या अभ्यासकांनी आकडाही दिला: उगवत्याची ताकद वरच्याच्या साधारण ८० टक्क्यांवर आल्यापासून १२० टक्क्यांपर्यंतचा पट्टा जोखमीचा. मात्र नुसती बरोबरी पुरत नाही. उगवता असमाधानीही हवा. म्हणजे हे नियम मला न विचारता, मी लहान असताना, दुसऱ्यांनी आपल्या सोयीने केले, असं त्याला वाटलं पाहिजे. यालाच सत्तासंक्रमणाचा सिद्धांत म्हणतात. उपमा मात्र अर्धीच चालते. आपल्या गोविंदांत खालचे थर वरच्याला मनापासून उचलून धरतात.

वर्तमानपत्रांत गाजतो तो 'थ्युसिडिडीसचा सापळा'. इसवी सनापूर्वी ४३१ मध्ये सुरू झालेल्या अथेन्स-स्पार्टा युद्धाचं खरं कारण ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस सांगतो: अथेन्सची वाढ आणि तिच्यामुळे स्पार्टात निर्माण झालेलं भय. ग्रॅहम अ‍ॅलिसन यांनी गेल्या पाचशे वर्षांतली अशी १६ उदाहरणं निवडली आणि त्यातल्या १२ मध्ये युद्ध झालं असं दाखवलं. आकडा तोंडात बसणारा आहे म्हणून फिरतो. पण कोणतं उदाहरण घ्यायचं, कोणतं वगळायचं, कुणाला उगवता म्हणायचं, यावर तो आकडा हलतो. अभ्यासकांनी त्याला पुष्कळ हरकती घेतल्या आहेत. मी मुलांना सांगतो, १२ आणि १६ पाठ करू नका, त्या वाक्यात 'वाढ' आणि 'भय' हे दोन वेगळे शब्द आहेत ते बघा.

वाढ आणि भय यांच्यामधे एक माणूस बसलेला असतो, कागद वाचत. त्याची माझी आवडती गोष्ट १९०७ ची आहे. जर्मनीने १८९८ पासून आरमार वाढवायला घेतलं होतं. लंडनच्या परराष्ट्र खात्यातला एक अधिकारी, आयर क्रो, याने १ जानेवारी १९०७ रोजी एक लांबलचक टिपण लिहिलं. त्याचा गाभा असा: जर्मनी ठरवून वर्चस्व मिळवू पाहते आहे की नुसतीच चाचपडत वाढते आहे, हा प्रश्न आपल्या दृष्टीने गौण आहे. ठरवून असो वा नसो, एवढं आरमार आणि एवढं सैन्य एका हातात आलं की ब्रिटनला धोका तोच.

त्याच खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले ज्येष्ठ अधिकारी टॉमस सँडरसन यांनी ते वाचलं आणि उलट टिपण लिहिलं. जर्मनी उशिरा एकत्र आलेला देश आहे, घासाघीस जरा रांगडेपणाने करतो, पण प्रत्येक वेळी कपटच असतं असं नाही. आणि मग त्यांनी आपल्याच घराकडे आरसा फिरवला. परक्याने आपली वर्तमानपत्रं वाचली तर त्याला ब्रिटिश साम्राज्य कसं दिसेल? पृथ्वीभर हातपाय पसरून पडलेला, संधिवाताने बोटं सुजलेला एक अजस्र राक्षस. कुणी जरा जवळ आलं की किंचाळणारा.

एकच देश, एकच आरमार, एकच कार्यालय, आणि दोन वाचनं. इतिहासाने क्रोला खरं ठरवलं असं सरधोपट म्हणतात. मला ते तितकं सरळ वाटत नाही. तुम्ही एखाद्याला सात वर्षं शत्रू समजून वागलात, तर आठव्या वर्षी तो शत्रू निघाल्यावर तुमचं भाकीत खरं ठरलं की तुमचं वागणं कामाला आलं, हे सांगणं अवघड असतं. अलेक्झांडर वेंट आणि रचनावादी मंडळी, म्हणजे शत्रू-मित्र हे नातं वागण्यातून घडतं असं मानणारे, इथेच बोट ठेवतात. त्यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे: ब्रिटनकडची ५०० अण्वस्त्रं अमेरिकेला जितकी धोक्याची वाटत नाहीत, तितकी उत्तर कोरियाकडची ५ वाटतात. शस्त्र तेच, नातं वेगळं.

गंमत अशी, की जर्मनीला अडवणाऱ्या याच ब्रिटनने त्याच सुमाराला दुसऱ्या एका उगवत्या सत्तेला मुकाट्याने वाट करून दिली. १८९५ मध्ये व्हेनेझुएला आणि ब्रिटिश गयाना यांच्या सीमेवरून अमेरिकेने लंडनला दरडावलं, की या खंडात आमचा शब्द चालतो. ब्रिटन आधी चिडला, मग लवादाला तयार झाला. १९०१ च्या करारात मध्य अमेरिकेतला कालवा अमेरिकेने एकटीने बांधावा आणि सांभाळावा हेही मान्य केलं. तोवर अमेरिकेची अर्थव्यवस्था ब्रिटनच्या पुढे निघून गेली होती, म्हणजे ऑर्गन्स्कींचा जोखमीचा पट्टा युद्धाविना पार झाला.

का? इथे चार वकील एकाच अशिलासाठी भांडतात. वॉल्ट म्हणतील, अमेरिका लांब, जर्मनी जवळ. ऑर्गन्स्की म्हणतील, अमेरिका त्या व्यवस्थेत समाधानी होती. रचनावादी म्हणतील, दोन्हीकडचे लोक एकमेकांना एका भाषेचे, एका वंशाचे भाऊबंद समजत. उदारमतवादी म्हणतील, दोन्हीकडे निवडून आलेली सरकारं होती. चौघांकडेही पुरावा आहे. ज्याला 'याचं एकच कारण आहे' असं म्हणायची सवय आहे त्याने या विषयात पडू नये.

आता माझं मत. 'उगवत्या सत्तांचा अभ्यास' हे नावच थोडं फसवं आहे. सगळे उगवत्याकडे बघतात. निर्णय पुष्कळदा मावळत्याच्या, किंवा आपण मावळतोय अशी धास्ती घेतलेल्याच्या हातात असतो. स्पार्टाचं भय, अथेन्सची वाढ नव्हे फक्त. १९०१ चा निर्णय ब्रिटनचा, अमेरिकेचा नव्हे. आणि १९१४? शाळेत आपण शिकलो की उगवत्या जर्मनीने युद्ध पेटवलं. पण बर्लिनमधली माणसं पूर्वेकडे बघत होती. रशियाचा लष्करवाढीचा मोठा कार्यक्रम १९१७ पर्यंत पुरा होणार होता, त्यानंतर आपला निभाव लागणार नाही, मग आत्ताच का नको, असा सूर तिथे होता. डेल कोपलँड यांनी यावरच २००० साली सिद्धांत उभा केला: मोठी युद्धं बहुधा तो सुरू करतो, जो आज बलवान आहे आणि उद्या नसेन असं ज्याला वाटतं.

आमच्या या किल्ल्यावर तिसरा झेंडा लागला ती लढाईही अशाच घाईची. नारायणरावांचा खून होऊन पुण्याची घडी विस्कटलेली. पोर्तुगीज साष्टी परत घ्यायला येताहेत अशी खबर मुंबईत आली आणि इंग्रजांनी ठरवलं, ते घेण्याआधी आपण घेऊ. १७३९ मध्ये ज्यांनी मराठ्यांच्या भीतीने खंदक खणला, त्यांनीच पस्तीस वर्षांनी ठाण्यावर तोफा डागल्या.

भिंतीपाशी जमलेल्या मुलांतून एकीने विचारलं, "सर, पण हे सगळं परदेशी लोकांचंच आहे का? आपल्याकडे कुणी काही लिहिलं नाही?"

लिहिलंय, आणि भलतंच रोखठोक. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं मंडल सगळ्यांना माहीत असतं: शेजारी तो शत्रू, शत्रूपलीकडचा तो मित्र. पण उगवत्या सत्तेच्या प्रश्नासाठी त्याचं सातवं अधिकरण, म्हणजे सातवा भाग, बघायला हवं. तिथे राजाच्या तीन अवस्था आहेत: क्षय, स्थान, वृद्धी, म्हणजे घट, जैसे थे, वाढ. आणि त्या नेहमी दुसऱ्याच्या तुलनेत मोजायच्या. शत्रूच्या मानाने घटत असशील तर संधी, म्हणजे तह कर, वाढत असशील तर विग्रह, म्हणजे युद्ध. त्यापुढचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं: माझी वाढ अधिक वेगाने होणार आहे, किंवा अधिक मोठी, किंवा पुढे आणखी वाढ देणारी ठरणार आहे, हे कळलं तर शत्रूची वाढ चालू असतानाही तिच्याकडे काणाडोळा करावा. म्हणजे प्रश्न 'तो वाढतोय का' हा नाही. 'माझ्यापेक्षा वेगाने वाढतोय का, आणि अशी वाढ की जी उद्या आणखी वाढ देईल' हा आहे.

दुसरं उदाहरण घरचंच. १७१५ च्या सुमाराची रामचंद्रपंत अमात्यांची आज्ञापत्रं. त्यात टोपीकरांविषयी, म्हणजे फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच) वगैरेंविषयी बजावलं आहे, की हे इतर सावकारांसारखे नाहीत. यांच्या मागे यांचे राजे आहेत, आणि यांना जमिनीचा लोभ आहे. वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत द्यावी. किनाऱ्याला दिली तर आरमाराच्या जोरावर किल्ला उभा करतील. क्रोच्या टिपणाच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी आपल्याकडे कुणीतरी ताकद, अंतर आणि हेतू वेगवेगळे मोजून ठेवले होते.

ताकद मोजता येते असं मी वर सहज म्हटलं. त्यातही मेख आहे. अर्थइतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार १८२० मध्ये जगाच्या एकूण उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा एकट्या चीनचा होता. १८४२ मध्ये तोच चीन पहिल्या अफू युद्धात हरून हाँगकाँग देऊन बसला. एकूण उत्पन्न मोठं, पण ते गोळा करून लढाईत उतरवायची यंत्रणा नाही. आज चीन क्रयशक्तीच्या, म्हणजे पैशात प्रत्यक्ष किती माल येतो त्या, हिशोबाने अमेरिकेच्या पुढे आहे आणि चालू डॉलरच्या हिशोबाने मागे. म्हणजे जोखमीचा पट्टा आला, की यायचाय, की ओलांडला, हे तुम्ही कोणती फूटपट्टी धरता त्यावर ठरतं.

मग चीनबद्दल हे लोक काय म्हणतात? वास्तववादी जॉन मिअरशायमर २००१ पासून सांगताहेत, की चीन आशियात तेच करेल जे अमेरिकेने आपल्या खंडात केलं: १८२३ ची मन्रो घोषणा (युरोपने आमच्या खंडात ढवळाढवळ करू नये), पण चिनी भाषेत. उदारमतवादी जी. जॉन आयकेनबेरी म्हणतात, आजची व्यवस्था आत शिरायला सोपी आणि उलथवायला कठीण आहे. चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला तो तिच्या नियमांनी श्रीमंत होण्यासाठी. परीक्षेत प्रश्न येतो, चीन यथास्थितीवादी की व्यवस्था बदलू पाहणारा? मुलं एक बाजू निवडतात आणि दोन पानं भरतात. माझं म्हणणं, कोणत्या खोलीत ते आधी विचारा. दक्षिण चिनी समुद्रात २०१६ चा आपल्या दाव्यांविरुद्ध गेलेला लवादाचा निकाल त्याने धुडकावला, तिथे तो मांडणी बदलणारा. सुरक्षा परिषदेत कायम सदस्यत्व आणि नकाराधिकार हातात, तिथे 'आहे ते छान आहे' म्हणणारा. आणि त्याच परिषदेच्या दाराशी 'हे १९४५ चं फर्निचर बदला' म्हणून उभा कोण? आपण. त्या खोलीत असमाधानी सत्ता भारत आहे.

हे ऐकलं की मुलांत जरा चुळबुळ होते. आपण उगवतोय हे सगळ्यांना आवडतं. उगवत्या सत्तेबद्दल आत्ता जे जे वाचलं ते आपल्यालाही लागू आहे, हे तितकं आवडत नाही. मग मी काठमांडूत बसून बघायला सांगतो. २०१५ मध्ये सीमेवरून इंधनाचे टँकर येईनासे झाले, तेव्हा दिल्ली म्हणत होती की अडवणूक आमची नाही; गॅसच्या रांगेत उभ्या नेपाळी माणसाला हेतू दिसत नव्हता, रिकामं सिलिंडर दिसत होतं. मालदीवमध्ये २०२३ ची निवडणूक भारतीय सैनिकांना परत पाठवण्याच्या मुद्द्यावर गाजली. ते सैनिक मूठभर होते आणि मुख्यतः बचावकार्याची विमानं, हेलिकॉप्टरं सांभाळत होते. आपल्या लेखी ती मदत. पण शेजारचा देश आपल्याहून शेकडोपटीने मोठा असला की मदतीचं हेलिकॉप्टरही अंगणात उतरलेलं दिसतं.

"म्हणजे सर, त्यांच्यासाठी आपण चिमाजी अप्पा," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. भेटीची वेळ संपली होती, फाटकापाशी माणसं पांगत होती. मुंबईतला तो खंदक आता कुठे आहे, असं कुणीतरी विचारलं. बुजवला, मी सांगितलं, १८६० च्या दशकात कोटाच्या भिंती पाडल्या तेव्हा. मराठ्यांची फौज तो ओलांडायला कधी आलीच नाही.